एकच इंजेक्शन

शनिवार, १८ जानेवारी

बोधीचं अपेंडिक्स आज सकाळी काढलं. ती शुद्धीवर आली आहे. पाणी मागते आहे, आणि अजून द्यायचं नाही म्हणून माझ्यावर रुसून बसली आहे. कॉलेजच्या कबड्डी संघात समोरच्या मुलींना खेचून पाडणारी ही मुलगी, पण दवाखान्याच्या हिरव्या झग्यात पाहिली आणि मला ती बालवाडीतली वाटली. संबोधी हे नाव ठेवताना राजदीपला केवढा अभिमान होता. आज आत नेताना तो नुसता 'बोधू, बोधू' करत स्ट्रेचरच्या मागे चालत होता.

मनात सलतं आहे ते इथे लिहून ठेवते. दुसरं कुणाला सांगणार?

डॉ. वारकेंनी काल दाखल करून घेताना पहिलाच प्रश्न विचारला, "तायडे? कुठे राहता?" राजदीपने पिंप्राळा सांगितलं, इथलीच आमची वस्ती. मग तिथून रिक्षा मिळते का, गाडी आहे का, असंही काहीतरी विचारत बसले. आडनावावरून वस्ती आणि वस्तीवरून माणूस तोलणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. शाळेत मुलांना सांगते, असं कुणाकडे बघू नये. पण आपल्याकडे असं बघितलं जातं तेव्हा पोटात लगेच कळतं.

दुसरं म्हणजे इंजेक्शन. आत नेण्याआधी सिस्टरने सलाइनमधून एक अँटिबायोटिक सोडलं. त्यानंतर काहीच नाही. दुपारी सलाइनही काढली. मी विचारलं, आता अँटिबायोटिक कधी? ती म्हणाली, झालं ना ते, आत नेण्याआधी. मी म्हटलं, अहो, पण चीर तर नंतर दिली. ती हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

जखम व्हायच्या आधीच जखमेचं औषध? असं कुठे असतं?

मी मुख्याध्यापकांना फोन करायला खाली गेले होते तेव्हा डॉक्टर राजदीपशी बराच वेळ बोलले म्हणे. काय म्हणाले विचारलं तर, "सगळं व्यवस्थित आहे म्हणाले." आणखी? "बाकीची डॉक्टरी भाषा." हा माणूस लग्नाच्या बोलण्यांवरून परत आला तरी 'जेवण चांगलं होतं' एवढंच सांगतो.

रविवार, १९ जानेवारी

आमच्या समोरची खाट सबीहाची. सावद्याची आहे, पंचविशीच्या आतली. तिचंही अपेंडिक्सच, पण ती आमच्या आधीपासून इथे आहे. सोबत सासू अमिनाबी आणि तान्ही आयत. नवरा अरशद केळीच्या गाड्या भरायच्या कामावर असतो, संध्याकाळी येऊन जातो.

अमिनाबींनी सकाळीच आपल्या डब्यातली कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यासमोर ठेवला. मी त्यांना शेवभाजी दिली. इथे असंच चालतं. एका खाटेचा चहा आला की चार खाटांवर पोचतो. कुणाचा चार्जर कुणाला, कुणाची चादर कुणाला.

पण एक गोष्ट मी सकाळपासून बघते आहे. सबीहाला इतके दिवस सुया चालू होत्या. आज सुया बंद करून मोठाल्या गोळ्यांची पाकिटं अमिनाबींच्या हातात दिली, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. अन् आमच्या खाटेवर काय, तर तापाची साधी गोळी, तीही दुखलं तरच. आजार एकच, दवाखाना एकच, डॉक्टर एकच.

अमिनाबींचं दुखणं उलटं. त्या मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमच्यावालीले काहीच नही, अन् माह्यावालीले इतली औषधं कायले? पोरगी अंगावर पिते ना. बठ्ठं दुधातून तिच्या पोटात जाते." सिस्टरला विचारलं तर तिने बाळाला चालतं म्हणून सांगितलं म्हणे. पण त्यांचा विश्वास नाही. आयतला कालपासून जरा पातळ शी होते आहे.

दुपारी धुळ्याहून नणंदेचा फोन. कमलअक्का अहिराणीतच बोलतात. "अवं, एकच सुई दिधी? बठ्ठं त्यामाच व्हई जाई म्हने?" एका सुईत सगळं कसं भागणार, हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या मुलाचं, पुनाचं, अपेंडिक्स धुळ्याला काढलं तेव्हा पिशवीभर औषधं दिली होती. त्यांनी ते अशा सुरात सांगितलं की लग्नात किती मानाच्या साड्या आल्या ते सांगावं. शेवटी म्हणाल्या, तुम्ही विचारत नाहीत म्हणून ते देत नाहीत.

मी विचारलं होतं. पण सिस्टरला. डॉक्टर राउंडला आले तेव्हा मात्र विचारलं नाही. त्यांनी बोधीचं पोट दाबून पाहिलं, "कबड्डी महिनाभर बंद" म्हणाले, ती हसली. मला मात्र त्यांचा हसरेपणा उगाच वाटला.

सोमवार, २० जानेवारी

आज सोडलं. इतक्या लवकर. कागदावर औषधांच्या रकान्यात ती एकच दुखण्याची गोळी. ताप आला, पोट दुखलं, तर लगेच या, म्हणाले. म्हणजे काहीतरी होईल हे त्यांना ठाऊक आहे?

निघताना अमिनाबींनी केळ्यांची फणी दिली, त्यांचे भाऊ नूर महंमदभाई यांनी सावद्याहून पाठवलेली. पिशवी माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, खाली बघा. केळ्यांच्या खाली सबीहाच्या गोळ्यांची पाकिटं होती. सगळी नव्हती. त्यांनी वाटणी केली होती. "माह्यावालीले जास्त झाली, तुमच्यावालीले कमी पडली. दोघींचं बराबर होऊन जाईल."

डॉक्टरला जे सुचलं नाही ते या बाईला सुचलं. मी त्यांचे हात हातात घेतले. सबीहा झोपली होती, तिला यातलं काही माहीत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

बोधी गोळ्या घ्यायला तयार नाही. डॉक्टरांनी नको सांगितलंय, मग कशाला, म्हणते. तुला काय कळतं, म्हणाले, तर म्हणते, तुला तरी काय कळतं आई. राजदीप पेपरच्या आडून 'राहू दे ना' म्हणाला. तो सगळ्यालाच राहू दे म्हणतो.

म्हणून पोळपाटावर लाटण्याने गोळी बारीक केली आणि शिकरणात घातली. वेलची जरा जास्त टाकली. तिने खाल्लं. कडवट लागतंय म्हणाली. मी म्हटलं, तोंडाला चव नाही तुझ्या.

फसवणूक आहे ही. पण ती लहान असताना मी तिला कारल्याची भाजी गुळाची म्हणून खाऊ घातलीच की.

शनिवार, २५ जानेवारी

छान आहे. टाके कोरडे. काल गच्चीवर फेऱ्या मारल्या. ताप नाही. अक्कांना फोनवर सांगितलं की आम्ही औषध चालू केलं आहे, कुठून ते सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, बघ, मी सांगितलं होतं. हा गोळ्यांचाच गुण आहे. नुसत्या एका सुईवर सोडलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

रोज शिकरण खाऊन ती कंटाळली आहे. आज शिऱ्यात घातली.

मंगळवार, २८ जानेवारी

काल सकाळपासून बोधीला जुलाब सुरू झाले आहेत. थांबतच नाहीत. पोटात कळा येतात तशी ती गुडघे छातीशी घेऊन पडते. संध्याकाळी अंग तापलं. मी मनातल्या मनात डॉ. वारकेंना म्हटलं, झालं ना आता तुमच्या मनासारखं?

राजदीपचा संशय केळ्यांवर. हल्ली पावडर मारून पिकवतात, कुणाकडूनही काही घेऊन येतेस, असं बरंच बोलला. अमिनाबींची केळी चांगली होती, हे मला पक्कं माहीत आहे. मीही तीच खाल्ली, मला काही झालं नाही. पण केळी चांगली होती म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, तो मला नको होता.

आतलं इन्फेक्शन आहे, दुसरं काही नाही. पहिल्या दिवसापासून मी म्हणते आहे. आज तर शिऱ्यात दीड गोळी घातली, जोर कमी पडत असेल म्हणून. तिने दोन घास खाऊन ताटली सरकवली.

गुरुवार, ३० जानेवारी

पुन्हा तोच वॉर्ड. बोधीचे डोळे खोल गेले आहेत, ओठांना चिरा. सलाइन लावली तेव्हा शीर सापडत नव्हती. ती रडली नाही, मीच रडले.

आत शिरले तर समोरच्या खाटेवर सबीहा. परवाच परत आणलं म्हणे. ताप उतरत नाही, पोट फुगलेलं. अमिनाबी माझ्याकडे बघून हसल्या नाहीत. मीही नाही. का कोण जाणे, आम्ही दोघी एकमेकींना टाळत होतो.

अक्कांचे फोनवर फोन. धुळ्यात त्यांच्या डॉक्टरांकडे खाट ठेवली आहे, गाडी पाठवते म्हणतात. राजदीपने उद्या दुपारी निघायचं ठरवलं आहे. तिथे पोहोचलो की लगेच पोट उघडून बघतील म्हणे. मला ते ऐकून आधी बरं वाटलं, आणि मग नाही वाटलं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आजचं सगळं लिहायचं आहे, आणि मी नीट लिहू शकेन की नाही माहीत नाही.

डॉक्टर सकाळी आले. सोनोग्राफीत आतडी सुजलेली दिसतात, थोडं पाणीही आहे. पोटाच्या खालच्या भागात पू धरला असेल तर असेच जुलाब होतात, म्हणाले. सिटी स्कॅन करू, आणि तसं निघालं तर पुन्हा आत जावं लागेल. बोधीने माझ्याकडे पाहिलं. तिने माझा पदर मुठीत धरला.

राजदीपचा आवाज चढला. इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एका सुईवर माझी मुलगी घरी पाठवलीत, लोकांना पाकिटं देता, आम्हाला का नाही, आम्ही कोण म्हणून नाही, ते तरी सांगा. डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. मग त्यांनी विचारलं, "घरी दुसरं कुठलं औषध घेतलं का हिने? कुठलंही."

राजदीप म्हणाला, तुम्ही दिलं असतं तर घेतलं असतं ना.

बोधी म्हणाली, "नाही डॉक्टर. काहीच नाही घेतलं."

किती साफ बोलली. तिच्या दृष्टीने ते खरंच होतं. मी तिच्या उशाशी उभी होते आणि तिची चादर सारखी करत राहिले.

मग डॉक्टर समोरच्या खाटेकडे वळले. सबीहाच्या गोळ्या नीट झाल्या का, एखादी चुकली का, असं त्यांनी अमिनाबींना विचारलं. अरशद बाजूलाच होता. अमिनाबी म्हणाल्या, "बठ्ठ्या दिल्या." डॉक्टरांनी तिचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, एवढं देऊनही पू होतोय, म्हणजे हे औषध तिला लागू पडत नाही. ते बदलून जोराचं द्यावं लागेल, आणि ते चालू असेपर्यंत बाळाला अंगावर पाजता येणार नाही.

सबीहाने आयतला घट्ट धरलं. अमिनाबींचा चेहरा मी पाहिला, आणि नको होता पाहायला.

पाण्याच्या नळापाशी त्या माझ्यामागे आल्या. म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माहं नाव घेऊ नका. अरशद मले घरात ठेवनार नही." मी म्हटलं, नाही घेत. तोपर्यंत मी असंच धरून चालले होते की आम्ही दोघींनी आपापल्या पोरीचं भलं केलं. त्या नळाशी उभी असताना मात्र, डॉक्टरांनी दुसऱ्या औषधाचं का विचारलं ते आठवून, मला कळलं, जी गोळी सबीहाच्या पोटात जायला हवी होती, ती माझ्या मुलीच्या पोटात गेली आहे. एकीला कमी पडली म्हणून आणि एकीला नको होती म्हणून, दोघी आडव्या आहेत.

गाडी निघाली म्हणून अक्कांचा मेसेज आला. तो वाचला आणि मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. एकटीच. गोळीचं नाव मला पाठ होतं, ते सांगितलं. शिकरण सांगितलं, शिरा सांगितला, शेवटची दीड गोळी सांगितली. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, "बरं झालं सांगितलंत" म्हणाले, आणि सिस्टरला बोलावून शौचाची तपासणी लगेच पाठवायला सांगितली. सिटी तूर्त थांबवली. मग त्यांनी विचारलं, गोळ्या कुठून आणल्या?

"मेडिकलमधून," मी म्हणाले.

दिलेला शब्द पाळला. सुटल्यासारखी बाहेर आले. बाहेर सिस्टर सबीहासाठी नवीन बाटली टांगत होती, आणि अरशद दुधाच्या पावडरचा डबा उघडायला धडपडत होता. झाकण निघेना. आयत रडत होती आणि सबीहा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अमिनाबी माझ्याकडेच बघत होत्या. बोलू नका, असंच सांगत असाव्यात त्या.

मी परत आत गेले आणि उरलेलं सांगितलं.

रविवार, २ फेब्रुवारी

बोधीला पू नाही. अँटिबायोटिकमुळेच आतड्यातलं सगळं बिघडलं, असं तपासणीत निघालं. त्या गोळ्या बंद, आता आतड्याचं वेगळं औषध चालू आहे. पोट पुन्हा उघडायचं नाही. धुळ्याची गाडी रिकामी परत गेली. अक्का म्हणाल्या, तिकडे तुम्हाला कुणीतरी भरवलंय. मी फोन ठेवून दिला.

सबीहाच्या पोटातला पू काल सुईने काढला. औषध आधीचंच ठेवलं, पण शिरेतून. बाळाला पाजायला हरकत नाही.

डॉक्टरांनी आज आम्हा दोघांना बसवून सांगितलं. अपेंडिक्स सुजलेलं असेल, फुटलेलं नसेल, तर चीर देण्याआधी एक इंजेक्शन पुरतं. चीर देताना ते रक्तात असायला हवं, म्हणून आधी. नंतर देत राहिलं तर फायदा नाही, उलट असा त्रास होऊ शकतो. सबीहाचं फुटलेलं होतं, आत घाण पसरली होती, म्हणून तिला पुढेही. "हे सगळं मी पहिल्याच दिवशी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं," ते म्हणाले.

राजदीप पंख्याकडे बघत राहिला.

पुढे ते हेही म्हणाले की लांब राहणाऱ्यांना मी लवकर घरी सोडत नाही, तुम्ही जवळ आहात म्हणून सोडलं. ठीक आहे. तरी मला वाटतंच, ते इतकं गोड बोलतात ते आम्ही तक्रार करू या भीतीने तर नाही? हा विचार चांगला नाही हे कळतं. तरी येतो.

अमिनाबी आता वॉर्डात बसत नाहीत. जिन्याच्या पायरीवर असतात. अरशद त्यांना काही बोलला नाही. मी सांगितलेलं डॉक्टरांकडून कळलं त्या दिवशी त्याने नुसतं आयतला त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं. आज मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. त्यांनी घेतला नाही. म्हणाल्या, "तुमची पोरगी तर बरी झाली ना?" मी हो म्हटलं. मग त्या बाजूला सरकल्या, मला खाली जायला वाट दिली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोधीला मीच सांगितलं. डॉक्टर सांगतो म्हणत होते, मी नको म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, "शिऱ्यातपण?"

रविवार, १६ फेब्रुवारी

सबीहा घरी गेली, असं सिस्टरकडून कळलं. अमिनाबींना मी फोन करून पाहिला. रिंग पूर्ण वाजते.

बोधी हिंडते-फिरते आहे. गालावर रंग आला. माझ्याशी बोलते, हसते, कॉलेजातल्या गमती सांगते, डोक्याला तेल लावून घेते. कुणी बाहेरचं बघेल तर म्हणेल, मायलेकींचं काय गूळपीठ आहे.

पण मी ताट वाढलं की ती आधी चमच्याने भाजी चाळून बघते. वरणाचा वास घेते. दूध तर ती स्वतःच पातेल्यातून ओतून घेते, मला हात लावू देत नाही. हे ती मुद्दाम करत नाही. मला दुखवायचं तर तिच्या मनातही नसतं. तिचा हातच तसा जातो.

आज खिचडी केली होती. तिने वाटी घेतली आणि थांबली. राजदीप म्हणाला, खा ना. ती म्हणाली, खाते. तरी चमचा तसाच हातात.

मी तिच्या वाटीतला एक घास उचलून खाल्ला. चावला, गिळला. ती माझ्या गळ्याकडे बघत होती. मग ती जेवू लागली.

आता रोज असंच करते. आधी मी एक घास, मग ती.